इगतपुरीच्या अलीकडे तीनशे पावलं

किलोमीटरकाकांना कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला पाठवलं, तर ते धावत ठाण्याला जाऊन यायचे. कोथिंबीर विसरलेली असायची, पण जाऊन यायला किती मिनिटं लागली ते सेकंदांसकट पाठ. सुट्टीत मुलुंडला आलात की ज्यांच्या भल्यामोठ्या घड्याळाशी तुम्ही खेळायचात, तेच हे दुसऱ्या मजल्यावरचे काका.

निवृत्तीनंतर त्यांना आग्रा रोडचं वेड लागलं. "मावशी, या रस्त्यानं घोडे गेले, तोफा गेल्या," ते मला सांगत.

"आणि आता तुम्ही. रस्त्यानं काय पाप केलंय?" त्यांची बायको सुलभा आतून म्हणायची.

मात्र लिफ्ट बंद पडली की पहिली तक्रार काकांचीच. "जिन्यानं गुडघे जातात, मावशी."

त्याच रस्त्यावर दरवर्षी मुलुंड नाका ते इगतपुरी, शंभर किलोमीटरची शर्यत असायची. पहाटे चारला सुटायचं. संध्याकाळी सातच्या आत पोचेल त्यालाच पदक. दोन वर्षं काका कसारा घाटातच बसले. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी बजावलं, ही शेवटची, यानंतर धावणं बंद. मग सोसायटी पेटली. एरवी मीटिंगला न फिरकणारी माणसं बस करून इगतपुरीला निघाली. वेळापत्रक अर्थातच मी केलं. ओवाळायचं ताटही माझ्याकडे, कारण इमारतीत वयानं मोठी मी.

सातला अकरा मिनिटं कमी असताना, आम्ही थांबलो होतो त्या वळणावर काका दिसले. तिथून शेवटची रेषा जेमतेम तीनशे पावलं. चाल बदकाची झाली होती, पण चालू होती. सगळे गळा फाडून ओरडत होते. मी ताट घेऊन पुढे झाले. निरांजन वाऱ्यानं विझलं, ते पुन्हा लावलं. ओवाळलं. कुंकू लावलं. काका माझ्या पाया पडायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. दोन्ही पोटऱ्यांत गोळे.

"उचला रे त्यांना!" कोणीतरी ओरडलं.

"हात लावू नका!" माझ्या चपलांपाशी काका ओरडले. "आधार घेतला की बाद!"

सगळी सोसायटी हात वर करून भोवती उभी, पोलिसांनी पकडल्यासारखी.

"अहो, रांगा तरी!" सुलभा रडकुंडीला आली.

काका खरंच रांगले. मग कसेबसे उठले. रेषेवर पोचले तेव्हा सात वाजून चार मिनिटं झाली होती आणि पदकांची पेटी बंद झाली होती.

परतताना बसमध्ये सगळ्यांनी त्यांनाच धारेवर धरलं. "भर शर्यतीत नमस्कार कसले करता, काका? वाट लावलीत ना!"

"हौस माझी," ते म्हणाले. "मोठ्या माणसाला ओलांडून कसं जायचं?" माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

यंदा ते दोघं मुलीकडे नागपूरला कायमचे राहायला गेले. काका अजून धावतात का, असं तुम्ही फोनवर विचारलंत, म्हणून हे लिहिते आहे. सोसायटीत मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी मी ताट घेऊन पुढे झाले तेव्हाच काका म्हणाले होते, "मावशी, नंतर! आधी पोचू दे!" त्या गोंगाटात ते फक्त मला ऐकू आलं. मी म्हणाले, "दोनच मिनिटं. ओवाळून तर घ्या." ते वाकले तेव्हाही मी पाय मागे घेतले नाहीत. उलट डोळे मिटून, सावकाश, एकही शब्द न गाळता त्यांना यशस्वी होण्याचा आशीर्वाद दिला.