नकाराचा फोन

आमच्या ऑफिसात मुलाखतीनंतर सगळ्यांनाच ‘कळवतो’ म्हणतात, आणि कळवतात मात्र फक्त निवडलेल्यांना. नव्या आलेल्या साठेबाई काल उरलेल्यांनाही फोन करत बसल्या होत्या. मी शेजारच्या टेबलावर.

“या वेळी नाही जमलं, अनघा. पण तुम्ही समजावून फार छान सांगता. शिकवण्याचं काम बघा.”

फोन स्पीकरवर होता. पलीकडून आवाज आला, “बरं झालं सांगितलंत, मॅडम. मुलाखतीपासून मी आंघोळीला जातानाही फोन बरोबर नेतेय.”

आशेलासुद्धा कुणीतरी डोक्यावरून हात फिरवून ‘नीज आता’ म्हणावं लागतं. नाहीतर ती बिचारी दाराशीच बसून राहते.

फोन ठेवताना अनघा म्हणाली, “आज डोक्यावरून न्हाऊन घेते. अगदी निवांत.”