लावायला न दिलेली फांदी

बाबल गेल्याचं मला दूधवाल्याकडून कळलं. एका वाडीत राहायचं, एका वर्गात शिकायचं, आणि बातमी अशी दुधासोबत यायची… याचं वाईट अजून वाटतं. शेवटचा भेटला तेव्हा तो भर पावसात उकिडवा बसून शेरवडीच्या बुडाशी पालापाचोळा घालत होता.

शेरवड हे आमच्याकडचं रानातलं झुडूप. पावसाळ्यात इवली केशरी फुलं आणि त्यांच्याशेजारी पांढरीशुभ्र पानं. गणपतीच्या डोक्यावर छताला बांधायच्या लाकडी चौकटीला, माटवीला, ती हवीच. पूर्वी आम्ही सड्यावरून, वाडीवरच्या कातळाच्या पठारावरून, आणायचो. मग सड्यावर प्लॉट पडले, तारांची कुंपणं आली, आणि बाबलने हौसेने अंगणाच्या कडेला लावलेली शेरवड साऱ्या वाडीची झाली. वहिनी गेल्यावर घरात तो एकटाच, मुलगा मुंबईला. पण चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच्या ओट्यावर टेकायला जागा नसायची. फांद्या तो स्वतः तोडून द्यायचा आणि चहा घेतल्याशिवाय कुणाला हलू द्यायचा नाही.

एवढा दिलदार माणूस, पण लावायला फांदी मात्र देत नसे. एकदा मी चिडलोच. "माका पण नाय?"

"तुका तर नायच," तो म्हणाला. "तुझ्या दारात शेरवड इली, तर तू हंय कित्याक येतलस?"

मी हसलो. तोही हसला… आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

यंदाही माणसं आली. मोटरसायकली चालू ठेवूनच फांद्या ओरबाडल्या आणि गेली. मी बंद दारापाशी छत्री धरून उगाच उभा होतो.

नंतर बाबलच्या मुलाचा फोन आला. "काका, घर आता बंदच राहणार. शेरवडीची फांदी तुम्ही नेऊन लावा. बाबांना बरं वाटेल." पोरगं मनापासून बोलत होतं. माझंही घर काही भरलेलं नाही. मी आणि टीव्ही. अंगणात खड्डा खणला, शेणखत घातलं आणि कोयता घेऊन निघालो. बाबलच्या फाटकाची कडी काढली, सवयीने ओट्यावर टेकलो. समोर शेरवड भिजत होती. बाबलची फार आठवण आली. ही माझ्या दारात असती, तर आज मी इथे आलोच नसतो.

तसाच उठलो, घरी आलो आणि खड्डा बुजवून टाकला.