गोठ्याच्या दारावरची वाघबारस

दार हौशीरामचं होतं, हे आधी सांगायला पाहिजे. सागाच्या फळ्या, त्यानं सोता रंधा मारलेल्या, बारा पावसाळे गोठ्याला टिकल्या. नवं दार बसवल्यावर जुनं भिंतीला टेकून उभं होतं. ते धाकट्या भावानं, गोरखनं, उचललं, डांबर फासून काळंभोर केलं आणि ओढ्यावरच्या पुलाच्या कामावर नेऊन उभं केलं. तवापासून वाडीतलं माणूस कामावर आलं की आधी दाराकडं बघायचं, मग हौशीरामकडं. पूर्वी हे उलटं होतं. म्हणजे दार नव्हतंच, नुसता हौशीराम होता.

एकोणीसशे सत्तर साल. वडिवळे गावाच्या वरच्या अंगाला वाडी, आणि वाडीच्या आडवा ओढा. पुलाचे तिन्ही खांब उन्हाळ्यात हौशीरामनं उभे केले होते. चौथी शिकलेला माणूस, पण ओळंबा न लावता सरळ भिंत उचलायचा. शाळेच्या पायऱ्या त्याच्या, देवळाचा चौथरा त्याचा, कामशेताच्या तीन दुकानांची जोती त्याची. कुठलं काम कवा करायचं ते समदं डोक्यात. कागद कधी लागला नाही.

गोरख सातवी झालेला. आठ वर्षं खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या गँगमध्ये होता. तिथं रूळ बदलायला दोन तास लाइन बंद ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. दोन तासांत उरकलं तर उरकलं, नाहीतर मेल अडकून पडते. तिथनं तो हे खूळ शिकून आला. दारावर त्यानं उभे आडवे पट्टे पाडले. एक उभं घर म्हणजे एक दिवस, वर तारीख. एक आडवी ओळ म्हणजे एक काम: वाळू, खडी, फळ्या, सळया, कठडा, शेवटी स्लॅब. काम कवा व्हायला पाहिजे त्याची चुन्याची रेघ, आणि झालं तेवढी खाली गेरूची. ज्याला अक्षर येत नाही त्यालाबी कळायचं, कोण मागं पडलं.

आणि मागं पडला होता हौशीराम. कठड्याच्या दगडांत दोन घरं.

"भाऊ, तुमचा गेरू कुटं अडकला?" पाटी उतरवता उतरवता सारजाबाईनं विचारलं, आणि चारचौघी बाया हसल्या.

"दगड घडवायला येळ लागतो. रेघ वडायला न्हाई लागत," हौशीराम म्हणाला.

लोणावळ्याचे ओव्हरसियर नसीरसाहेब पूर्वी सायकलवरनं उतरले की "काय मुकादम, किती आलं?" असं त्याला विचारायचे. आता सरळ दारापाशी जायचे, गोरखला चहा द्यायचे, आणि दोघं बोटानं घरं मोजायचे. एकदा साहेब म्हणाले, "गोरख, तू हे केलंस म्हणून दिवाळीच्या आत पूल होतोय." खांब जणू आपोआप उगवले होते. त्या दिवशी हौशीरामनं भाकरीचं फडकं न सोडताच घरी परत नेलं.

काम दिवाळीच्या आतच व्हायला पाहिजे होतं. दिवाळी झाली की भात कापणी, मग झोडणी. पौषापर्यंत वाडीतला एक हात मोकळा नसतो. आणि काँक्रीट कालवायचं मिक्सर पुण्याहून यायचं, मग पुढच्या कामाला जायचं. हुकलं तर आणखी एक वर्ष भाताच्या गाड्या नऊ मैलांचा वळसा घेऊन जाणार.

दारावर स्लॅबच्या ओळीत चुना दोन घरांत होता. सत्तावीस आणि अठ्ठावीस ऑक्टोबर, खांबांमधले दोन गाळे, दोन दिवस.

हौशीरामनं ते बघितलं आणि बोटांवर तिथी मोजली. सत्तावीसला वाघबारस.

वाघबारशीला, म्हणजे वसुबारशीच्याच दिवशी, वाडीतली गुराखी मंडळी वाघोबाच्या दगडापाशी खीर शिजवतात. नारळ फुटेपर्यंत कोणी हत्याराला हात लावत नाही, ना कोयत्याला, ना फावड्याला. हे पोराटोरांनाबी माहीत. पण आठ वर्षं तारखेवर जगलेल्या गोरखच्या डोक्यातनं तिथी निघून गेली होती. नारळ फोडायचा मान थोरल्याचा, म्हणजे हौशीरामचा.

तो काही बोलला नाही. पंधरा दिवस बोलला नाही. रोज दारासमोरनं जाताना त्या घराकडं बघायचा, आणि त्याला बरं वाटायचं.

त्याची बायको शकुबाई खिरीचे तांदूळ निवडत होती. "भावजींना सांगितलं का, त्या दिशी माणसं येणार न्हाईत म्हणून?"

"त्यानं इचारलं न्हाई."

"त्यांनी दारबी इचारून नेलं न्हाई. म्हून का?"

"तू तांदूळ निवड."

सव्वीसला दुपारी ट्रकामागं बांधलेलं मिक्सर आलं. गोरखनं उद्याची माणसं नेमायला घेतली, तसा गेणू गुराखी म्हणाला, "उद्या कसं? उद्या वाघबारस हाय की."

गोरख हातातला चुना पुसत हौशीरामपाशी आला.

"भाऊ, तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"तू रेघ वडलीस तवापासनं."

भांडण होईल, निदान पाया तरी पडेल, असं हौशीरामला वाटलं होतं. दोन्हींची तयारी होती. गोरखनं फक्त विचारलं, "नारळ कवा फोडतोस?"

"दिस मावळायला. गुरं परत आल्यावर. आपल्या आबांच्या येळेपासनं तसंच हाय."

"बरं," गोरख म्हणाला, आणि जाऊन दारासमोर पाठमोरा उभा राहिला. हौशीरामला ती पाठ बघवेना. माणूस हरला, असं त्याला वाटलं. आणि हरलेल्या भावाला उचलायचं तर आपल्याशिवाय कोण आहे वाडीत?

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं गुरं वाघोबापाशी अडवली. "नारळ आत्ता फोडणार," म्हणाला.

"सांजचा रिवाज हाय, भाऊ," गेणू कुरकुरला.

"वाघ गुरं परतल्यावर धरतो का रानात गेल्यावर? मग राखण आधी मागायची का मागनं?"

गेणूनं नारळ पुढं केला. नारळ फुटला, खीर चुलीवर चढली आणि पंचावन्न माणसं ओढ्यावर गेली. खिरीचं पातेलं पाटीतनं पुलावर आलं, बायांनी खडीच्या ढिगावर बसून खीर खाल्ली. अठ्ठावीसला दिवस कलायच्या आत दुसरा गाळा भरला. वाडी म्हणाली, हौशीरामनं पूल वाचवला. नसीरसाहेबांनी चहाचा कप आधी त्याला दिला. तो त्यानं सावकाश प्याला.

मग गोरख शेवटची गेरूची रेघ ओढत होता, तवा हौशीरामला दिसलं. अठ्ठावीसच्या पुढं एकोणतीसचं घर होतं. चुना नाही, गेरू नाही.

"हे काय? विसरलास?"

"न्हाई. मोकळं सोडलंय. मिक्सर तीन दिसांचं मागितलं व्हतं. घाटात शिकलो, एक घर हातचं ठिवायचं."

हौशीरामनं तिन्ही घरं बोटानं मोजली. "मंजी माझ्या नारळाबिगर झालं असतं?"

"जड गेलं असतं. पन झालं असतं."

"मग परवाच सांगितलं का न्हाईस?"

गोरखनं गेरूचे हात धोतराला पुसले. "तू इचारलं न्हाईस, भाऊ."

हौशीरामनं बोटावर चुना घेतला आणि मोकळ्या घरात एक नारळ काढला. वाकडा आला, तरी ठेवला. तो पुसायची कुणाची छाती झाली नाही.

पूल अजून उभा आहे आणि तो हौशीरामच्या नारळावर उभा आहे, हे कामशेतापर्यंत माहीत आहे. गोरखनं कधी मोकळ्या घराचं नाव काढलं नाही. ह्याचाच हौशीरामला जास्त राग येतो.

पुढच्या वर्षी पलीकडच्या गावात बंधाऱ्याचं काम निघालं, गोरखनं तेच दार नेलं. हौशीराम कामाच्या ओळी सोडून आधी तिथी बघायला गेला. तारखांच्या खाली, बारीक चुन्यानं, वाघबारस आधीच लिहून ठेवलेली होती. अमावस्या, दसरा, गावची जत्रा, समदं होतं. हौशीरामनं तीन वेळा वरपासून खालपर्यंत बघितलं. एक तरी सुटायला पाहिजे होती.