आप्पांचा वरचा सा

लातुरात कोण गळ्यातून बोलतं आणि कोण पोटातून, हे आमच्या घरमालकांइतकं कुणालाच ठाऊक नसेल. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची. मूळचे उदगीरकडचे, किराणा दुकान बंद करून घरी बसलेले आणि शिवनाम सप्ताहात भजन म्हणणारे. मी हदगावकडच्या खेड्यातून कॉलेजसाठी आलो, खोली विचारायला गेलो, तर भाडं सांगायच्या आधी त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला. म्हणाले, "श्वास घे." मी घाबरून छाती फुगवली. "खांदे कशाला उचलतोस लेकरा? खांद्यात काय हवा भरतेत व्हय?" खोली मात्र दिली.

वरचा सा कसा टिकवायचा, याशिवाय त्यांना दुसरा विषय नव्हता. दारावर भाजीवाल्या मावशी आल्या की हे सांगणार, "मावशी, मान वर केली की गळा आवळतो. हनुवटी खाली घ्या, मेथी पार चौकापर्यंत ऐकू जाईल." मावशी म्हणायच्या, "आप्पा, आधी एक जुडी घ्या, मग शिकवा." सकाळी देवापुढच्या निरांजनाजवळ तोंड नेऊन ते सा लावायचे. ज्योत हलली की हवा वाया गेली, पुन्हा पहिल्यापासून. जबडा सैल राहावा म्हणून आधी खोटी जांभई द्यायचे. दूधवाल्याला वाटायचं, म्हाताऱ्याची झोप झाली नाही. तो पातेलं उंबऱ्यावर ठेवून पाय न वाजवता निघून जायचा.

मला या शहरात बोलायला कुणी नव्हतं. वर्गात मी "काय करून राहिलास" म्हटलं की पोरं हसायची, म्हणून मी गप्पच असायचो. कित्येक दिवस माझा पहिला शब्द आप्पांशी निघायचा आणि शेवटचाही.

आप्पांचा सा तुटतच नाही, अशी त्यांची ख्याती होती. पण मी ऐकायचो तो सा रोज एकाच जागी तुटायचा आणि आप्पा पुढं न जाता भिंतीकडं बघत बसायचे. एकदा मी भीतभीत विचारलं, "आप्पा, दम लागतो का?"

"दम कुणाला लागत न्हाई? तिथं ही धरायची."

ही म्हणजे काकू. मी यायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्या गेल्या होत्या. सप्ताहात आप्पा श्वास घेत तेवढा वेळ बायकांत बसलेल्या काकू तोच सूर धरून ठेवायच्या. आप्पा सुरात परत आले की त्या थांबायच्या. लोकांना वाटायचं, एकाच माणसाचा दम आहे. यंदा सप्ताहात म्हणणार नाही, असं आप्पांनी भजनी मंडळाला कळवूनही टाकलं होतं.

"मी धरू का?" मी बोलून गेलो.

आप्पा भिंतीकडून माझ्याकडं वळले. "गळ्यातून इचारलास," ते म्हणाले. "पण बस."

मग रोज सकाळी आम्ही दोघं बसू लागलो. सूर मला लवकर सापडला, वेळ सापडेना. "माझा संपल्यावर येऊ नको. संपायच्या आधी हळूच ये. आन् मी आलो की लगी पळू नको, जरा संगं ऱ्हा." आप्पांनी मंडळाला निरोप पाठवला, येतो म्हणून.

सप्ताहात मी त्यांच्या मागं बसलो. आप्पांनी सा लावला, तो चढला, स्थिर झाला. ती जागा आली तसा मी हळूच आत शिरलो. आप्पांनी श्वास घेतला, पण सूर आला नाही. ते बायकांच्या बाजूला बघत होते. एवढ्या माणसांत तेवढा सूर मी एकट्यानं धरून होतो. दम संपत आला, पण सोडला नाही. मग आप्पा सुरात आले.

"तोच दम हाय आप्पांचा," मागून कुणीतरी म्हणालं.

घरी आम्ही दोघं चालतच निघालो. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आप्पा उपरण्यानं तोंड पुसत म्हणाले, "तिला येवढी वाट बघाय कधी लावलो न्हाई मी. तू थांबलास."

मी त्यांच्या चालीनं, हळूहळू चालत राहिलो.