झाकून ठेवलेला पाव

नंदुरबारहून सुरतेकडची पॅसेंजर सुटली तेव्हा मिरची वाळवायच्या मोकळ्या पठारींवर लाल माल पसरला होता, आणि माझं डोकं त्या मिरचीहून तापलं होतं. मी मिरचीचा व्यापारी. हातगाडीपासून सुरुवात करून नाव कमावलं. चिंचपाड्याच्या पुढच्या एका गावात ते मातीत गेलं. माझा काटा खोटा आहे, अशी अफवा तिथे उठली आणि गेल्या हंगामात गावाने मला एकही पोतं दिलं नाही. अफवा उठवणारा दानियेल, माझ्यासाठी तिथला माल गोळा करणारा माझाच माणूस, असा संशय होता. गावासमोर त्याच्याकडून खरं वदवायचं, एवढंच मनात होतं.

खांडबारा गेलं की मुलूख बदलतो. कपाशी मागे पडते. भाताची खाचरं, साग, मोहाची झाडं सुरू होतात. चिंचपाड्याला रिक्षा केली आणि भाडं पाडून घेतलं. पुढे ओढ्यात रिक्षा रुतली.

"शेठ, आते धक्का मारा," रिक्षावाला हसत म्हणाला. "भाडं कमी केलं ना तुम्ही!"

ओल्या धोतराने गावात पोचलो. रविवार होता. सारी मंडळी कौलारू चर्चमध्ये, चटयांवर बसलेली. एकीकडे बाया, एकीकडे पुरुष. पुढे टेबलावर पांढऱ्या फडक्याखाली प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून घ्यायचा, पाव आणि द्राक्षरस. दानियेल मात्र एकटा दाराशी बसला होता. मी पुरुषांत मागे टेकलो.

शेजारच्या म्हाताऱ्याने कानात सांगितलं, "इथली रीत आहे. ज्याचा कोणाशी अबोला, ज्याने कोणाचं वाईट केलं, त्याने आधी मिटवायचं, मग पाव घ्यायचा. दानियेल गेल्या हंगामापासून दाराशीच बसतो. का, ते सांगत नाही."

पाळकांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, विचारलं, "कोणाचं काही मिटवायचं आहे?"

मी तोंड उघडणार, तोच दानियेल उठला.

"शेठचा काटा खरा होता. दुसऱ्या व्यापाऱ्याने मोटरसायकल कबूल केली, म्हणून मी खोटं बोललो. मी पाप केलं. देवाजवळ रोज रडलो, पण शेठसमोर जायची हिंमत झाली नाही."

मोटरसायकलचं मला ठाऊकही नव्हतं! जन्मभर सौदे केले. हातचं पान असं स्वतःहून उघडं टाकणारा माणूस पाहिला नव्हता. त्याने ना गरिबी पुढे केली, ना कोणाचं आजारपण. भांडणाची सगळी तयारी माझ्या तोंडातच राहिली.

सगळे माझ्याकडे बघत होते. सवयीने मी म्हणालो, "माफ करतो. पण यंदा गावचा माल माझ्याच काट्यावर."

पुढची एक म्हातारी वळली. "ए शेठ, हा बाजार नाय! द्यायची तर आख्खी दे."

बाया खदखदून हसल्या. मी चिडून पाळकांना विचारलं, "आणि तुमचा देव? तो अशी फुकट माफी देतो? परवडतं त्याला?"

"परवडलं नाही, शेठ," पाळक शांतपणे म्हणाले. "वधस्तंभावर जावं लागलं."

कोणी हसलं नाही. पाव अजून झाकलेलाच होता. माझ्या एका शब्दासाठी सारं चर्च थांबलं होतं, आणि घाई कोणालाच नव्हती.

"माफ केलं," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण ओळखू आला नाही.

फडकं निघालं. दानियेल पुढे गेला, तुकडा तोंडात घातला आणि चावायचंच विसरून उभा राहिला. एवढा भुकेला चेहरा मी कुठल्याच पंगतीत पाहिलेला नाही.

दुपारी त्याच्याच घरी तांदळाची भाकरी आणि उडदाची डाळ जेवलो. मालाबद्दल कोणी बोललं नाही, मीही नाही.

परतीच्या गाडीत राग दोनदा परत आला. दोन्ही वेळा बसायला त्याला जागा सापडली नाही.

घरी बायकोने विचारलं, "माल ठरला?"

"नाही."

"मग भांडून आलात?"

"नाही. त्याला माफ केलं. बदल्यात काही मागितलं नाही."

ती जवळ आली, आणि ताप आहे का ते बघायला तिने माझ्या कपाळावर हात ठेवला.