फाटकाबाहेरची रांग

लातूर जिल्हा नवा झाला आणि दोन-तीन वर्षांतच दुष्काळ पडला. उदगीरकडच्या एका गावात तेव्हा बसवंत सरपंच होता. लिंगायताच्या घरचा, गळ्यात लिंग असलेला भाविक माणूस. सरकारनं गावाला बोअर मंजूर केला, तेव्हा त्यानं तो बाजाराच्या मैदानात घ्यायला लावला. तिथं कुणालाही घागर घेऊन येता येत होतं. पाणी लागलं, पण महिन्यातच हापशातून नुसती हवा यायला लागली.

मठाचे कारभारी मन्मथअप्पा म्हणाले, देवाची जागा सोडली की असंच व्हायचं. मग दुसरा बोअर मठाच्या आवारात झाला, सरकारच्याच पैशानं. पाणी भरपूर लागलं. पुढारी आले, नारळ फुटला, सगळे धर्म सारखे असल्याचं भाषण झालं. मंडप उतरला आणि आवाराला फाटक बसलं. बौद्धवाड्यातल्या आणि मुसलमानांच्या बायका बाहेर घागरी मांडून बसायच्या. आतल्या कुणाच्या मनात आलं तर तो वरून घागरीत धार सोडायचा.

माणसात उच्चनीच नसतं, हे बसवंतनं लहानपणी ह्याच मठात ऐकलं होतं. तो लातूरला कचेरीत गेला. "साहेब, पाणी सरकारचं हाय, मठाचं न्हाई," म्हणाला. साहेबांनी सांगितलं, भावनेचा प्रश्न आहे, गावातच मिटवा.

दुसऱ्या दिवशी घरची घागर घेऊन तो फाटकाबाहेर रांगेत बसला. बायको जगदेवी शरमून गेली. "आपल्याला आत कुणी अडवतंय का?" तिनं विचारलं.

"न्हाई. म्हणूनच बसलोय."

पूजा सांगणाऱ्या जंगमानं त्याच्या घरी येणं सोडलं. आई वारली तेव्हा माती द्यायला भावकीतली चार माणसं आली, तीही घाईत होती.

निवडणुकीत तो पडला. बौद्धवाड्यातूनही त्याला मतं पडली नव्हती. रांगेत त्याच्या शेजारी बसणारा, बौद्धवाड्यातला साहेबराव दिसला, तेव्हा त्यानं विचारलंच. साहेबराव खाली बघत म्हणाला, "मठातून निरोप आला होता. तुमच्याकडं मतं गेली तर पाणी बंद. घरात लेकरं हायत, अण्णा."

बसवंतला त्याचा राग आला नाही. राग यावा असा माणूस, मन्मथअप्पा, फाटकाच्या आत होता, आणि त्याचाच पुतण्या आता सरपंच झाला होता.