सिस्टरच्या पानाला चिकटलेल्या लिंका

देऊळगाव राजाला माझं कॉम्प्युटर सेंटर होतं. सातबारा, पीकविमा, परीक्षेचे फॉर्म, असली कामं. त्यातून वेळ काढून मी एक वेबसाइट चालवायचे आणि तिच्यावरचं एकच पान खरोखर कुणाच्या उपयोगाचं होतं: फवारताना विषबाधा झाली तर काय करावं. ते लिहिलं होतं सुलतानपूरच्या एका निवृत्त नर्सबाईंनी. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे, मीही.

गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीलाही जुमानेनाशी झाली, तेव्हाचे ते दिवस. डोक्याइतकं उंच पीक, पाठीवर पंप, आणि अळी मरत नाही म्हणून दोन-तीन औषधं एकत्र कालवायची. माणसं शेतातच भोवळ येऊन पडत. सिस्टरनी लिहिलं होतं: कपडे काढा, साबणानं अंग धुवा, दूध-तूप काही पाजू नका, औषधाचा डबा बरोबर घ्या आणि लगेच दवाखाना गाठा. मोबाइलवर कुणीही शोधलं की हे पान सगळ्यात वर यायचं. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू?

एका हंगामात ते पान एकाएकी बुडालं. शोधल्यावर येणाऱ्या यादीत कितीही खाली गेलं तरी दिसेना. आमच्याकडे कुठून कुठून लिंका येतात ते मी काढून पाहिलं आणि डोकंच फिरलं. ऑनलाइन जुगार, लॉटरी, वजन घटवायच्या गोळ्या, कुठल्या कुठल्या देशांतल्या भिकार साइट, आणि सगळ्यांवर आमच्या पानाचा पत्ता. असल्यांच्या गर्दीत सापडलं की सर्च कंपनी आपल्यालाही त्यांच्यातलंच धरते.

सिस्टरना विचारलं, तर त्या खुलल्याच. "आमच्या पोरानं केलं ना! पुण्यात त्याचं हेच काम हाये, लोकाइच्या साइटी वर आणाचं. म्हणे, आई, तुयं पान जगभर लावून देतो."

मी परोपरीनं समजावलं, त्यांना पटेना. चौकातल्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे जितके चेहरे जास्त तितका माणूस मोठा, हा आमच्याकडचा हिशेब. तो इंटरनेटवर उलटा का लागावा? "कोणी आपलं नाव घेते, तर त्याले नाही काऊन म्हणावं, पोरी?"

लिंक काढा म्हणून मी त्या साइटवाल्यांना मेल पाठवत राहिले. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. शेवटचा उपाय म्हणजे अशा साइटची यादी सर्च कंपनीला द्यायची, की यांच्या लिंका आमच्या नावावर धरू नका. पान सिस्टरचं, त्यामुळे त्यांना न विचारता यादी पाठवायला माझा हात होईना. त्या "पोराले वाईट वाटन" म्हणून टाळत होत्या. इकडे फवारणी चालूच होती. मला त्यांचा संताप यायचा.

मग एका दुपारी त्या बुलढाण्याच्या दवाखान्यातून थेट सेंटरवर आल्या. उंद्रीला दिलेल्या त्यांच्या भाचीचा नवरा फवारणीत पडला होता. भाचीनं फोन लावला, तो लागला नाही. म्हणून तिनं मावशीचं पान शोधलं. सगळ्यात वर भलतीच साइट आली. तिच्यावर लिहिलं होतं, दूध पाजा, सावलीत निजवा. तिनं तसंच केलं आणि अर्धा दिवस गेला. जावई पुढे वाचले, पण पाय पूर्वीसारखे चालले नाहीत. त्या दुपारी मात्र ते वाचतील की नाही, हेही कुणाला माहीत नव्हतं.

"काढ यादी," सिस्टर म्हणाल्या.

मी एकेक साइट वाचत गेले, त्या "हाव, टाक" म्हणत गेल्या. एक मी मुद्दाम गाळली होती. ती त्यांच्या मुलाच्या धंद्याची साइट, जिथून हे सगळं सुरू झालं होतं. सिस्टरनी ती ओळखली. तिच्यावर पांढऱ्या गणवेशातला त्यांचा फोटो होता, खाली 'माझी आई' असं लिहिलेलं. पेपरात बाप पोराशी संबंध नसल्याची नोटीस देतो, तसलंच काहीतरी मी या बाईकडून करून घेत होते.

"हेही टाक."

मी टाकली. यादी गेली तरी पान वर यायला काही आठवडे लागतील, हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"त्याले कळन का, आपण असं केलं ते?"

"नाही सिस्टर. कुणालाच कळत नाही."



"मंग मलेच सांगा लागन," म्हणाल्या आणि त्यांनी पोराला फोन लावला.